दुखतं मुलाला, बोलतात बाकीचे

बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत दिवसभर एकच संवाद निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. डॉक्टर मुलाला विचारतात, "काय होतंय रे तुला?" मूल तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी होते, "परवापासून पोटात दुखतंय म्हणतो, काही खातच नाहीये." डॉक्टरांची मान आईकडे वळते ती वळतेच. पुढे मुलाच्या वाट्याला येतात फक्त हुकूम. आ कर. जोरात श्वास घे. शर्ट वर कर. टेबलावर झोप.

हा काही खास आपल्याकडचा प्रकार नाही. नेदरलँड्समध्ये बालरोगतज्ज्ञांकडच्या ३०२ भेटींचं चित्रीकरण करून कोण किती बोलतं याचा हिशेब मांडला गेला आणि १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्या बोलण्यात मुलांचा वाटा भरला ४ टक्के. गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांना उद्देशून होता. पण आजार काय आहे, औषध कशासाठी आहे, पुढे काय करायचं, ही माहिती मुलाकडे वळून देण्याचं प्रमाण जेमतेम १३ टक्के. जबानी मुलाची घ्यायची आणि निकाल मोठ्यांना ऐकवायचा, असा हा मामला.

आईला दोष देण्यात अर्थ नाही. ती दोन तास रांगेत बसलेली असते. काय काय सांगायचं याची तिनं मनातल्या मनात उजळणी केलेली असते. कामावरचा खाडा आणि रिक्षाचं भाडं डोक्यात असतं. बाहेर चाळीस पेशंट थांबलेत हे तिलाही दिसतं आणि डॉक्टरांनाही. ओढणीआड लपणाऱ्या मुलाकडून उत्तर काढत बसायला वेळ कुणाकडे आहे? त्यातून मोठी माणसं बोलत असताना मुलानं मध्ये बोलणं म्हणजे आगाऊपणा, हे आपण घरी रोज शिकवतो. ते शिक्षण दवाखान्याच्या दारात गळून पडत नाही.

पण काही गोष्टी फक्त मुलालाच ठाऊक असतात. पोट डबा खाल्ल्यावर दुखतं की गणिताच्या तासाला, शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून लघवी दिवसभर दाबून धरली जाते का, कडू गोळी गिळली जाते की कुंडीत जाते, दम्याचा पंप वर्गात सगळ्यांसमोर काढायची लाज वाटते का. आईला यातलं निम्मं माहीत नसतं आणि ते तिच्या दुर्लक्षामुळे नव्हे, ती तिथे नसतेच म्हणून. वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, दमा, या आजारांत निदानाचं किंवा उपचार का लागू पडत नाही याचं उत्तर बऱ्याचदा अशाच बारीकसारीक तपशिलांत दडलेलं असतं.

वेदनेचं तर विचारायलाच नको. ती मोजायचं यंत्र नाही. ज्याला दुखतं तो सांगेल तेवढंच समजतं, आणि ज्याला सांगता येत नाही त्याचं काय होतं याचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या रुग्णालयांत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं जवळजवळ वेदनाशामकाविना होत. स्नायू ढिले पडायचं औषध दिलं, बाळ हललं नाही, की झालं. बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला दुखत नाही, अशी समजूत होती. ती मोडण्यात मोठा हात आहे कंवलजीत आनंद यांचा. हे मूळचे भारतातले, इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर. ऑपरेशन होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रभावी वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं. बाळ बोललं नव्हतं, पण त्याचं शरीर बोलत होतं. ऐकायची सोय कुणी केली नव्हती एवढंच.

जरा मोठ्या मुलांसाठी ती सोय म्हणजे चेहऱ्यांची पट्टी. वाँग आणि बेकर या दोघींनी १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार केलेली ही पट्टी आज अनेक बालविभागांत भिंतीवर दिसते. हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रं, खाली शून्य ते दहा आकडे. तीन वर्षांच्या मुलालाही आपल्याला किती दुखतंय त्या चित्रावर बोट ठेवता येतं. पट्टीचा एक नियम मात्र सर्रास मोडला जातो. बोट मुलानं ठेवायचं. मुलाचा चेहरा बघून मोठ्यांनी चित्र निवडायचं नाही. खेळण्यात रमलेल्या मुलालाही दुखत असू शकतं. दुखणं विसरायला म्हणूनच ते खेळत असतं.

आपल्याकडे ही गोष्ट सर्वांत जास्त कुणाला लागू पडत असेल तर सिकलसेलच्या मुलांना. विदर्भात, मेळघाटात, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. बाहेरून काही दिसत नाही. सूज असेलच असं नाही, एक्स-रे साधा येतो, ताप नसतो. मग शिक्षक म्हणतात, नाटकं करतोय. एखादा डॉक्टरही म्हणतो, दर महिन्याला इंजेक्शन मागायला येतो हा.

यातली कित्येक मुलं आश्रमशाळेत राहतात. आईबाप लांब पाड्यावर. थंडीत गार पाण्यानं आंघोळ, उन्हात कवायत, पाणी कमी पिणं, ताप, ही कळ उठायची नेहमीची कारणं. तिथे आईनं सांगायचा प्रश्नच नाही. मुलाला स्वतःलाच अधीक्षकांकडे जाऊन म्हणता यायला हवं, "सर, मला सिकलसेल आहे. मला तासाला उठून पाणी प्यायला लागतं. ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं." हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी यायचं तर कुणीतरी आधी ते त्याला, त्याच्या आईला नव्हे, समजावलेलं असायला हवं. विळा काय असतो हे त्याला सांगावं लागत नाही, तो रोज बघतो. वाकलेली पेशी अरुंद वाटेत अडकते, पाणी भरपूर असलं की वाहती राहते, एवढं कुठल्याही चौथीतल्या मुलाला कळतं. आणि एक उलटापालटही इथे दिसते. घरात गोंडी, माडिया किंवा पावरी बोलली जाते, आईला मराठी बेताची, मूल शाळेमुळे मराठी शिकलेलं. मग डॉक्टरांचं बोलणं आईला समजावायचं काम त्या मुलाकडेच येतं. ज्याला खोलीत कुणी विचारत नव्हतं, तोच दुभाषा होतो, आपल्याच आजाराची बातमी आईला सांगायला.

आता तो नेहमीचा आक्षेप. "म्हणजे काय, सात वर्षांच्या पोराला विचारून ऑपरेशन करायचं का?"

नाही. सगळा घोळ इथेच आहे. सहभाग म्हटलं की लोकांना निर्णय ऐकू येतो. खरं तर यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला त्याच्या आजाराबद्दल कळेल अशा भाषेत सांगणं. त्याचं म्हणणं ऐकून घेणं. ठरवताना ते म्हणणं खरोखर विचारात घेणं. आणि शेवटची, निर्णयच त्याच्या हाती देणं. पहिल्या तीन गोष्टींना वयाची अट नाही. चौथीला आहे, आणि ती असायलाच हवी. भांडण सगळं चौथीवरून होतं आणि त्या नादात पहिल्या तीनही राहून जातात.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेला आणि भारतानं १९९२ साली मान्य केलेला बालहक्क करारही साधारण हेच म्हणतो. त्याच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला वय व समज पाहून वजन द्यायचं आहे. मुलाचं मत म्हणजे अंतिम शब्द, असं करारात कुठेही नाही. या कराराची देखरेख करणाऱ्या समितीनं २००९ साली आणखी स्पष्ट केलं, की ऐकून घेण्यासाठी किमान वय नाही. बोलता न येणाऱ्या मुलाचं चित्र, खेळ, हावभाव, अंग चोरणं हेही म्हणणंच धरायचं.

समज वयावर मोजावी की अनुभवावर, हाही प्रश्न आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ प्रिसिला ऑल्डरसन यांनी हाडांची शस्त्रक्रिया होणाऱ्या ८ ते १५ वर्षांच्या १२० मुलांशी बोलून १९९३ साली आपली निरीक्षणं मांडली. आजारासोबत वर्षानुवर्षं राहिलेल्या मुलाची समज त्याच वयाच्या निरोगी मुलाच्या कितीतरी पुढे असते, हे त्यातून दिसतं. आणि बहुतेक मुलांना एकट्यानं निर्णय घ्यायचाच नव्हता. आईबाबा आणि डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं होतं. बालमधुमेह असलेलं मूल कुणाच्या ओळखीत असेल तर हे पटायला अभ्यासाची गरज नाही. सहा वर्षांची मुलगी बोट टोचून साखर बघते, आकडा वाचते, आणि वाढदिवसाला केकचा तुकडा घ्यायचा की नाही हे आईकडे न बघता ठरवते. चोवीस तास चालणारा हा आजार मुलाला बाजूला ठेवून सांभाळताच येत नाही. सीबीएसईनं २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याच्या काही वस्तू जवळ ठेवायची परवानगी दिली. पण पेपर चालू असताना साखर उतरतेय हे ओळखून ती वस्तू तोंडात टाकायची आहे मुलालाच.

कायद्याकडे वळू. आपल्याकडे तो सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे.

सज्ञान व्हायचं वय १८. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार अल्पवयीन मुलाच्या शस्त्रक्रियेआधी पालकांची लेखी संमती घ्यायची. फौजदारी कायदा मात्र १२ वर्षांचा आकडा धरतो. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं, पालकांच्या संमतीनं केलेली कृती गुन्हा नाही, आणि बाराखालच्या मुलाची संमती ही संमतीच नव्हे. भारतीय दंड संहितेतली ८९ आणि ९० ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २७ आणि २८ या क्रमांकांनी आली आहेत, आशय तोच. मग बारा ते अठरा या मधल्या मुलांचं काय? साध्या तपासणीला ती स्वतः संमती देऊ शकतात असा अर्थ काही जण काढतात. रुग्णालयं या वादात पडत नाहीत. अठराच्या आतलं कुणीही असो, सही पालकांची.

याच मधल्या वयाकडे दुसरा एक कायदा अगदी निराळ्या नजरेनं बघतो. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात अशी तरतूद आहे, की एचआयव्हीनं ग्रासलेल्या घराचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं १२ ते १८ वर्षांचं मूल आपल्या अठराखालच्या भावंडाचं पालक म्हणून काम करू शकतं. शाळाप्रवेश, बँकखातं, उपचारसुद्धा. तेरा वर्षांची ताई धाकट्याच्या उपचाराला हो म्हणू शकते. स्वतःच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या कागदावर मात्र तिची सही कुणी घेणार नाही.

संशोधनाचं तर आणखी वेगळं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुलांवर औषधाची चाचणी करायची तर पालकांच्या संमतीसोबत मुलाचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, बारा ते अठराच्या मुलाचा लेखी. मूल नाही म्हणालं तर ते सहसा मानावं लागतं. चाचणीत सात वर्षांच्या मुलाला विचारायचं, आणि तेच औषध बाजारात आल्यावर सतरा वर्षांच्या मुलाला देताना त्याला विचारल्याचा कागद कुणीच मागत नाही. मला यात मुलांच्या हक्कापेक्षा संस्थांची कायदेशीर काळजी जास्त दिसते.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. सोळा वर्षांखालच्या मुलीला, अपवादात्मक परिस्थितीत, पालकांना न कळवता डॉक्टर गर्भनिरोधनाचा सल्ला देऊ शकतात, असं सरकारी परिपत्रक १९८० साली निघालं. व्हिक्टोरिया गिलिक या आईनं त्याविरुद्ध दावा लावला. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, तो तिच्या विरोधात. समोर असलेला उपचार काय आहे हे पूर्णपणे समजण्याइतकी जाण मुलाला आली, की त्या बाबतीत त्याची स्वतःची संमती पुरते, असं तत्त्व त्यातून रुजलं. ते आजही त्या आईच्याच आडनावानं ओळखलं जातं, हा नशिबाचा खेळ. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच न्यायालयांनी याला मर्यादा घातली. समजदार मुलाचा होकार पुरेसा, पण जीव वाचवणाऱ्या उपचाराला त्याचा नकार अंतिम नाही. होकार आणि नकार एकाच तराजूत तोलायचे नाहीत, असा हा व्यवहारी तोडगा. तत्त्व म्हणून तो लंगडा आहे. तरी मला तो पटतो.

कारण नकार चालणारच नसेल तेव्हा काय करायचं, हा रोजचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९५ साली काढलेल्या आणि २०१६ साली सुधारलेल्या धोरणात याबद्दल एक खणखणीत सूचना आहे. मुलाचं मत गांभीर्यानं घेणार नसाल तर ते विचारू नका, आणि त्याच्या मनाविरुद्ध उपचार करावाच लागणार असेल तर तसं त्याला सांगा, फसवू नका. "लावूया का सलाइन, सोनू?" हा प्रश्न म्हणून वाईट. सोनू नाही म्हणणार, आणि सलाइन लागणारच. सोनू त्यातून एवढंच शिकतो, की मोठे विचारतात ते विचारण्यासाठी विचारत नाहीत. त्याऐवजी, "सलाइन लावायचंच आहे. कुठल्या हाताला लावू? आईच्या मांडीवर बसतोस की पलंगावर झोपतोस? बघायचंय का तिकडे भिंतीकडे तोंड करतोस?" पर्याय खरे द्यायचे, आणि जिथे नाहीत तिथे नाहीत म्हणून सांगायचं.

फसवण्यात आपण सगळेच तरबेज आहोत. "काही नाही रे, मुंगी चावेल तेवढंच." सुई मुंगीपेक्षा जास्त दुखते हे मुलाला दोन सेकंदांत कळतं आणि पुढच्या वेळी "आज फक्त वजन करायचंय" यावरही त्याचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या टोकाला "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी आहेच. घरात वर्षभर ज्याला बागुलबुवा म्हणून वापरलं, त्याच्यासमोर मुलानं मोकळेपणी बोलावं अशी अपेक्षा करायची! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याबद्दल शिफारशी केल्या, त्यात बोलण्याचाही विचार आहे. घाबरवणारे शब्द नकोत आणि खोटा दिलासाही नको. साध्या शब्दांत आता टोचतोय एवढं सांगावं, तान्ह्याला कडेवर घ्यावं, अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजत पाजत टोचावं, दोन-तीन लशी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

खोटं बोलण्याचा सर्वांत अवघड प्रकार मोठ्या आजारात येतो. मुंबईत टाटा रुग्णालयात मुलाला घेऊन आलेल्या कुटुंबांपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत एकच विनवणी असते: "त्याला काही सांगू नका." त्यामागे प्रेमच असतं. प्रश्न एवढाच, की त्याला खरंच कळत नाही का? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी १९७०च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या ३ ते ९ वर्षांच्या मुलांबरोबर वॉर्डात बराच काळ काढला. त्या काळी तो आजार बहुतेक मुलांचा जीव घेई. या मुलांना कुणीही काही सांगितलं नव्हतं आणि तरी त्यांना सगळं माहीत होतं. औषधं बदलली की, शेजारचा पलंग रिकामा झाला की, दाराबाहेर आईचा आवाज बदलला की, त्यांना कळत होतं. आणि मोठ्यांना त्रास होतो म्हणून ती माहीत नसल्याचं सोंग वठवत होती. आईबाप मुलाला जपत होते, मूल आईबापांना जपत होतं.

स्वीडनमध्ये कर्करोगानं मूल गमावलेल्या पालकांना काही वर्षांनी विचारलं गेलं, की तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होतात का. २००४ साली आलेल्या या अभ्यासात बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. याचा अर्थ प्रत्येकानं बोललंच पाहिजे असा नाही. न बोललेल्यांपैकी बहुतेकांना खंत नव्हती. पण बोलल्यानं मूल कोसळेल ही भीती जेवढी वाटते तेवढी खरी नाही. बरं, आज बालपणीचा रक्ताचा कर्करोग मोठ्या प्रमाणात बरा होतो. सांगण्यासारखं चांगलंही पुष्कळ असतं, आणि लपवालपवीत तेही सांगायचं राहून जातं.

आपल्याकडे यात एक नवी गंमत झाली आहे. पूर्वी मुलाला कळू नये म्हणून डॉक्टर पलंगाशी इंग्रजीत बोलत. आता मूल इंग्रजी माध्यमात शिकतं. "मॅलिग्नंट", "रिलॅप्स" हे शब्द आईबाबांच्या डोक्यावरून जातात आणि पलंगावरच्या सातवीतल्या मुलीला ऐकू येतात. उरलेलं ती रात्री आईच्या मोबाइलवर शोधते. तिला माणसानं सांगायचं की मोबाइलनं, एवढंच आपल्या हातात उरलंय.

वयात आलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांना बोलायचं असतं, पण आईबाबांसमोर नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, तो १० ते १९ वयासाठी. सरकारी रुग्णालयांतल्या किशोरवयीनांच्या केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. पाळी, मुरुमं, अशक्तपणा, ताण, तंबाखू, नातेसंबंध, यांबद्दल तिथे समुपदेशकाशी बोलता येतं. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी ते कुठल्या खोलीत आहे हे मुलांना माहीत असलेलं बरं. खासगी दवाखान्यातही बारा-तेरा वर्षांनंतर तपासणीतली पाच मिनिटं डॉक्टरांनी मुलाशी एकट्यानं बोलणं चांगलं. त्यासाठी पालकांना बाहेर बसवणं हा अविश्वास नव्हे. नेहमीचीच पद्धत म्हणून केलं तर कुणाला खटकतही नाही. मुलीच्या तपासणीला आई किंवा नर्स सोबत हवीच, बोलण्यासाठी ती नको.

इथेही डॉक्टरांनी खोटा शब्द द्यायचा नाही. "हे आपल्या दोघांतच राहील" असं सरसकट म्हणता येत नाही. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यात अठराखालच्या मुलीचे तिच्या मर्जीनं असलेले संबंधही येतात. अठराखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात एवढी सवलत दिली, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर कायदेशीर गर्भपातापुरतं पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करायची गरज नाही. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच सांगून टाकायचं: "तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुला इजा करत असेल, किंवा तू स्वतःला करणार असशील, तर मला काही माणसांना सांगावं लागेल, आणि ते मी आधी तुला सांगेन." मुलं हे चांगलं समजून घेतात. त्याच पोक्सो कायद्यात वैद्यकीय तपासणीच्या वेळी आईबाप किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत असावी अशीही तरतूद आहे. तो विश्वास कुणावर आहे हे सांगायचं मुलानंच, हे तिथे हजर असलेल्यांनी विसरू नये.

पालकांनी प्रत्यक्षात काय करायचं? फार नाही. घरून निघताना विचारा, "तुला डॉक्टरांना काय विचारायचंय?" दोन प्रश्न निघतील, त्यातला एक विचित्र असेल. ते केसपेपरच्या मागे लिहून घ्या, लिहिता येत असेल तर त्यालाच लिहू द्या. डॉक्टरांजवळच्या खुर्चीवर मुलाला बसवा. "काय होतंय?" ला पहिलं उत्तर त्याचं, तुमची भर नंतर. वीस सेकंदांची शांतता सोसावी लागेल, ती सोसा. औषधाचं नाव आणि ते कशासाठी आहे हे मूल घरी येताना सांगू शकतं का बघा. कशाची ॲलर्जी असेल तर ते नाव त्याला पाठ हवंच. डॉक्टरांनी प्रश्न विचारताना मुलाकडे बघितलं आणि सुरुवातीला हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारलं तर मुलं जास्त बोलतात. आणि आजार समजावून सांगायचा तर आधी मुलाला सांगावा. त्याला कळेल अशा भाषेत सांगितला की खोलीतल्या सगळ्यांना कळतो. आजीलाही, जी इतका वेळ नुसती मान हलवत होती.

राहिला नकार. मूल नाही म्हणालं की आपण लगेच समजावायला लागतो, मग आमिष, मग दोघांनी धरून ठेवणं. त्याआधी कशाला नाही, हे विचारून बघावं. बऱ्याच वेळा उपचाराला नकार नसतोच. उजव्या हाताला सलाइन नको असते, कारण चित्र काढायचं असतं. ऑपरेशन नको नसतं, थिएटरमध्ये चड्डी काढायला लागेल असं शेजारच्या मुलानं सांगितलेलं असतं. राउंडला आलेल्या दहा शिकाऊ डॉक्टरांसमोर फ्रॉक वर करायचा नसतो. सलाइन डाव्या हाताला लागते, गाउन शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू शकतो, पडदा ओढता येतो आणि दहापैकी आठ जण बाहेर थांबू शकतात.